डाव्या खांद्यावरचा गोफ

एनॉक वेदरिलने उभ्या आयुष्यात एकच टाका जाणूनबुजून चुकीच्या जागी घातला, आणि नेमका तोच टाका ड्यूकच्या भिंतीवर जाऊन लागला. बाकीचे लाखो टाके सरळ होते. ते पावसात भिजले, घोड्यांच्या घामाने कुजले, फ्लँडर्सच्या चिखलात माणसांसकट पुरले गेले, आणि त्यांच्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. चांगल्या कामाचं हे असंच असतं. ते कुणाला दिसत नाही, म्हणून तर ते चांगलं.

एनॉक हा थेल्वॉलच्या ड्रॅगून, म्हणजे बंदूकवाल्या स्वारांच्या, रिसाल्याचा शिंपी. कर्नल सर ऑस्बर्न थेल्वॉल यांच्या नावाने तो रिसाला ओळखला जाई. घोडे, खोगिरं, माणसं आणि त्यांच्या अंगावरचे कोट, सगळं त्यांच्याच नावाचं. त्या वर्षी रिसाला नॉर्थम्प्टनला होता. स्वार गावातल्या खाणावळींतून वाटून दिलेले होते, आणि एनॉक आणि त्याची बायको टॅबिथा यांच्या वाट्याला ‘गव्हाची पेंढी’ नावाच्या खाणावळीचा माळा आला होता. खाली मालकीण पर्किसबाई बिअर विकायची. बाई विधवा, तोंडाने फटकळ आणि साक्षर. गल्लीतल्या निम्म्या लोकांना आलेली पत्रं तीच वाचून दाखवायची, तीही अशी की उरलेल्या निम्म्यांनाही ऐकू जावीत.

रिसाल्याचा कोट लाल, आतून फिकट हिरवा, फीत पांढरी. बंदुकीचा रुंद पट्टा डाव्या खांद्यावरून उतरून उजव्या कमरेशी यायचा, म्हणून खांद्याचा गोफ उजवीकडे. कधी काळी म्हणे हा गोफ म्हणजे वैरण बांधायचा दोर होता. आता त्याचा उपयोग इतकाच की तो असला पाहिजे. इतर रिसाले बाजारातून तीन पेडांचे तयार गोफ आणून टाचायचे. थेल्वॉलचा गोफ पाच पेडांचा, हिरव्या आणि पांढऱ्या लोकरीचा, आणि एकूण एक गोफ एनॉकने स्वतःच्या हाताने विणलेला. पेड कसा घालायचा हे त्याने कुणाला शिकवलं नव्हतं, टॅबिथालासुद्धा नाही. माणसाकडे स्वतःचं म्हणून काहीतरी लागतं. कुणाकडे जमीन असते, याच्याकडे पाच पेड होते.

तेवीस वर्षं चाकरी झाली होती आणि डोळे अधू व्हायला लागले होते. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा झाला की शिंप्याने ओळखावं. फौजेतून सुटकेची वेळ जवळ आली होती, आणि नवरा-बायकोचं पुढचं सगळं ठरलं होतं. लडलो नावाच्या गावात टॅबिथाची धाकटी बहीण राहायची. तिच्या घराला रस्त्याकडे तोंड असलेली दक्षिणेची मोठी खिडकी होती. त्या खिडकीत टेबल टाकायचं, त्यावर मांडी घालून बसायचं आणि डोळे चालतील तोवर गावातल्या लोकांच्या विजारी शिवायच्या. परक्या गावात शिंप्यांची जमात कुणा उपऱ्याला सुई उचलू देत नाही, पण फौजेतून सुटलेल्या माणसाला कायद्याने ती मुभा होती. फक्त त्याच्याजवळ सुटकेचा कागद हवा, आणि कागदावर चाकरी चांगली झाली अशी कर्नलच्या हातची ओळ हवी. ती ओळ नसेल तर जमात दारातूनच हाकलणार. टॅबिथा त्या खिडकीबद्दल इतकी बोलायची की तिच्या पडद्याचा रंगसुद्धा ठरला होता.

त्यात लंडनहून फर्मान आलं. फौजेच्या पोशाखाबद्दल नवा हुकूम निघणार अशी आवई उठलेलीच होती, आणि त्याआधी फौजेचे सरसेनापती असलेल्या ड्यूकसाहेबांना प्रत्येक रिसाल्याच्या एकेका स्वाराचं चित्र काढून हवं होतं. कर्नलसाहेबांनी डिक ऑल्सप नावाचा देखणा, सरळ नाकाचा स्वार निवडला, नवा कोरा कोट शिवायला सांगितला, आणि कोटाची काळजी घ्यायला एनॉकलाही बरोबर धाडलं. डिक पंचविशीचा, बडबड्या. दोन दिवसांच्या प्रवासात त्याने वाटेतल्या प्रत्येक खाणावळीत आपण ड्यूकच्या बोलावण्यावरून चाललो आहोत असं सांगितलं, पण कशासाठी ते सांगितलं नाही.

चित्रकार व्हर्ब्रुक मूळचा परदेशी, जाडजूड, सदा नाक शिंकरणारा. त्याच्या खोलीत लाकडी घोडीवर खोगीर घातलेलं होतं. माणूस त्याच्यावर बसवायचा. घोडा तो तबेल्यात जाऊन वेगळा काढायचा. भिंतीला सात-आठ चित्रं टेकवून ठेवली होती. प्रत्येकात एक स्वार, एक घोडा, मागे थोडं आभाळ, आणि सगळ्या घोड्यांची तोंडं डावीकडे. एनॉकने एकेक चित्र नाक लावून पाहिलं. काजं मोजली. फितीची वळणं पाहिली. माणसांचे चेहरे सगळीकडे एकच होते, पण बटणं मात्र खरी होती. हा माणूस आपल्या कामाचा आहे, असं त्याचं मत झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डिकचा कोट कॅनव्हासवर आला होता. बाही आली, खिशाची झडप आली, पांढरा पट्टा आला. एनॉक मागे उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, गोफ कुठे आहे.

“उजवा खांदा पलीकडे आहे,” व्हर्ब्रुक म्हणाला. “मला माणसाच्या आरपार दिसत नाही.”

“मग घोडा फिरवा.”

“सगळे घोडे एकाच दिशेला तोंड करून आहेत. ड्यूकसाहेबांच्या दालनात ते रांगेने लागणार. तुमचा एकटाच उलटा उभा राहिला तर लढाईतून पळून चालल्यासारखा दिसेल.”

डिक खोगिरावर बसल्या बसल्या खिदळला. म्हणाला, “मास्तर, माझ्या पाठीला आरसा बांधा.”

एनॉकला हसू आलं नाही. तेवीस वर्षांत त्याने विणलेले गोफ पहिल्यांदाच कुणा मोठ्या माणसाच्या नजरेला पडणार होते, कदाचित राजाच्याही. तिथे दुसऱ्या रिसाल्यांच्या बाजारी फिती दिसणार, आणि याचे पाच पेड मात्र पलीकडच्या बाजूला. त्याने डिकच्या डाव्या खांद्यावरचा पट्टा बोटाने सरकवून पाहिला. मग विचारलं, “समजा, गोफ डाव्या खांद्यावर असता तर?”

“असता तर रंगवला असता. मी समोर असेल ते रंगवतो.”

व्हर्ब्रुकने सुचवलं नव्हतं, कुणी भरीला घातलं नव्हतं. एनॉकने आपण होऊन कोटाच्या कॉलरमागे खोचलेली सुई काढली, उजव्या खांद्यावरचे चार टाके उसवले आणि गोफ डावीकडे टाचला. पट्टा जरा मानेकडे सरकवला, गोफाचं टोक पाठीवर नीट सोडलं. डिक म्हणाला की मास्तर, परेडला हे असं घालून गेलो तर सार्जंट मला घोड्याऐवजी जुंपेल. एनॉकने त्याला गप्प बसायला सांगितलं. एका दुपारपुरतं तर आहे, असं तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

व्हर्ब्रुकने गोफ रंगवला. असा रंगवला की पाचही पेड वेगळे मोजता यावेत. एनॉकच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते अधू डोळ्यांचं नव्हतं. संध्याकाळी त्याने गोफ परत उजवीकडे लावला आणि दोघे नॉर्थम्प्टनला परतले. टॅबिथाला त्याने सगळं सांगितलं तेव्हा ती कांदे चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? उद्या कुणी विचारलं तर?”

कोण विचारणार, असं एनॉक म्हणाला. मोठे लोक चित्रात घोडे बघतात.

यात तो चुकला. ड्यूकसाहेब घोडे बघत नव्हते. घोडे त्यांच्याकडे पुष्कळ होते. त्यांना बटणांचं वेड होतं. आणि त्या रांगेत एकाच चित्रात खांद्यावरचा गोफ पुरता दिसत होता, म्हणून त्यांची नजर दरवेळी तिथेच जायची. त्यांनी ते चित्र राजाला दाखवलं. राजा म्हणाला, छान. एवढंच म्हणाला, पण राजा बोले दळ हाले.

जुलैत ड्यूकसाहेब नॉर्थम्प्टनला रिसाल्याची तपासणी करायला आले. गावाबाहेरच्या मैदानात दोनशे ऐंशी स्वार घासूनपुसून उभे राहिले. ड्यूक पहिल्या रांगेसमोरून घोडा चालवत गेले, थांबले, मागे आले, आणि कर्नल थेल्वॉलना सगळ्यांसमोर विचारलं की माझं चित्र चुकलंय की तुमचा रिसाला? कर्नलसाहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पण दरबारात वाढलेला माणूस, त्याला उत्तर शोधावं लागलं नाही. रिसाला चुकलाय, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एनॉकला बोलावणं आलं. कर्नलसाहेब न्याहारीला बसले होते, समोर थंड बीफ आणि मोहरी. बाजूला कर्नलसाहेबांचा कारभार बघणारा ॲडज्युटंट लेफ्टनंट पिम कागद घेऊन बसला होता, आणि भिंतीशी डिक ऑल्सप पुतळ्यासारखा उभा होता. एनॉकने काहीही न लपवता सांगितलं. उसवलेले टाके, टाचलेला गोफ, सगळं. कर्नलसाहेब मांस चावत ऐकत राहिले. त्यांना राग आला नव्हता, हेच एनॉकला जास्त भयंकर वाटलं.

“वेदरिल, ते चित्र राजेसाहेबांना आवडलंय,” ते म्हणाले. “आता ते चुकलेलं असू शकत नाही. चित्रकारही चुकलेला नाही, त्याने समोर होतं ते काढलं. मी तर चुकूच शकत नाही. कळतंय ना?”

“कळतंय, साहेब.”

“मग उरलं कोण?”

“उरलो मी, साहेब.”

पिमने कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की रिसाल्याचा गोफ रिवाजाप्रमाणे डाव्या खांद्यावरच असतो, चित्रासाठी पाठवलेला कोट बरोबर होता, आणि बाकीचे दोनशे ऐंशी कोट शिंपी एनॉक वेदरिल याने बेफिकिरीने चुकीचे शिवले. एनॉकने कागद दोनदा वाचला. मग तो म्हणाला की साहेब, माझी सुटका येत्या हिवाळ्याआधी आहे, आणि त्या कागदावर तुमच्या हातची ओळ लागणार आहे.

“ती मिळेल. चांगली चाकरी, निष्णात शिंपी, जे हवं ते. माझा शब्द आहे.”

एनॉकने सही केली. डिकने साक्षीदार म्हणून फुली मारली, आणि आठवड्याच्या आत त्याला कॉर्पोरल केलं गेलं.

तीन आठवडे नवरा-बायको माळ्यावरून खाली उतरले नाहीत. दोनशे ऐंशी गोफ उसवायचे आणि डावीकडे टाचायचे. कापडावर उजवीकडे जुन्या टाक्यांच्या खुणा राहिल्या त्या खडूने घासून मिटवायच्या. आणि कोट स्वारांच्या अंगावर गेल्यावर जे व्हायचं तेच झालं. पट्टा गोफावरून जायला लागला. पट्ट्याच्या बकलात लोकर अडकायची, बंदूक पाठीवरून काढताना गोफ ओढला जायचा, स्वार शिव्या घालत तो हिसडून सोडवायचे. महिन्याभरात पाच पेडांच्या दशा लोंबायला लागल्या. एनॉक रस्त्याने जाताना त्या बघायचा आणि मान फिरवायचा. त्याच्या हातची एकमेव देखणी गोष्ट बकलं खात होती, आणि ती त्यानेच त्यांच्या तोंडी दिली होती.

गावात त्याचं नाव पडलं, डावरा मास्तर. ज्या स्वारांच्या जखमांवरचे कोट त्याने रात्रंदिवस एक करून सांधून दिले होते, ते त्याला दारातून हाका मारून विचारायचे, मास्तर, विजारीची बटणं आता मागे लावणार का, चित्रात कशी आहेत तेवढं बघून सांगा. डिक ऑल्सपही त्यांच्यात असायचा. तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा, कारण हसणं थांबलं असतं तर कुणीतरी त्याला लंडनबद्दल विचारलं असतं. पर्किसबाई एनॉकचा पेला मुद्दाम टेबलाच्या डाव्या कडेला ठेवायची. “इकडे ठेवते हो मास्तर, नाहीतर तुम्हाला सापडायचा नाही.” सगळी खाणावळ हसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एनॉक बिअर प्यायचा आणि वर जायचा.

टॅबिथाला हे जास्त लागायचं. ती विहिरीवर जायची वेळ बदलायला लागली. एकदा पर्किसबाईने चारचौघींत विचारलं की बाई, लग्नात अंगठी तरी बरोबर हातात घातली होती का गं. टॅबिथाने घागर उचलली, आणि वर येऊन एनॉकला बजावलं. “मी ऐकून घेतेय ते फक्त त्या कागदासाठी. तो हातात पडला की या बाईच्या नाकासमोर धरणार आहे मी. सगळ्या गावाला ऐकवणार.” एनॉक म्हणाला, ऐकव. त्याला तेव्हा तसं वाटत होतं.

सप्टेंबरात कर्नल थेल्वॉलना बढती मिळाली, जुना आणि मानाचा रिसाला. एनॉक त्यांना भेटायला गेला तेव्हा बाहेर गाडीत पेट्या चढवल्या जात होत्या. त्याने ओळीची आठवण केली. हो हो, पिमकडे लिहून ठेवतो, असं साहेब म्हणाले आणि कुत्र्याला हाक मारून गाडीत बसले. पिम त्यांच्याबरोबरच गेला. गरज सरली होती. शब्द खोटा द्यावा असं त्यांच्या मनात नसेलही. शिंप्याला दिलेला शब्द अशी काही वस्तू असते, हेच त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. माझ्या मते हे जास्त वाईट.

नवे कर्नल हॅकेट हे दरबारातले नव्हते. दोन बोटं लढाईत गेलेला, स्वतःचे बूट स्वतः पुसणारा माणूस. आल्या आल्या त्यांनी रिसाल्याचे सगळे कागद काढून वाचले. सुटकेच्या माणसांना त्यांनी एकेक करून आत घेतलं, आणि एनॉकची पाळी आली तेव्हा त्याने जुलैत सही केलेला कागद त्यांच्या पुढ्यात उघडा होता. थेल्वॉल साहेबांची ओळ कुठेही नव्हती.

एनॉकने पुन्हा एकदा सगळं खरं सांगितलं. हॅकेट साहेबांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं की याला साक्षीदार कोण. एनॉक म्हणाला, कॉर्पोरल ऑल्सप. डिकला बोलावलं गेलं. तो ताठ उभा राहिला, खांद्यावर नवी फीत. चित्रकाराच्या घरी या माणसाने तुझ्या कोटावरचा गोफ हलवला होता का, असा सरळ प्रश्न होता.

डिकने एनॉककडे बघितलं नाही. “मला आठवत नाही, साहेब. मी खोगिरावर बसलो होतो. समोर बघायचा हुकूम होता.”

तो गेल्यावर हॅकेट साहेबांनी समोरचा कागद एनॉककडे फिरवला. मग म्हणाले, “तुझं म्हणणं मला खरं वाटतंय. पण ही सही तुझी आहे. म्हणजे एकतर तू बेफिकीर शिंपी आहेस, नाहीतर खोटं लिहून देणारा माणूस आहेस. दोघांपैकी कुणालाही मी चांगली चाकरी असं कसं लिहून देऊ?”

एनॉकने यावर विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला नीट प्रश्न विचारला होता.

“खोटारडा लिहा, साहेब,” तो म्हणाला. “पण शिंपी चांगला होता, असं लिहा.”

हॅकेट साहेबांनी मान हलवली. खोटारडा लिहिलं तर चौकशी आली, ते म्हणाले. चौकशी आली तर आधीच्या कर्नलचं नाव आलं, मग ड्यूकचं चित्र आलं, आणि शेवटी फटके तुझ्याच पाठीवर. या वयात ते तुला सोसायचे नाहीत. तुझ्या भल्यासाठीच मी दुसरं लिहितो. आणि त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: एनॉक वेदरिल, तेवीस वर्षं चाकरी. दारूच्या आहारी नाही, कधी पळून गेला नाही. शिंपीकामात बेफिकीर, दोनशे ऐंशी कोट चुकीचे शिवल्याची स्वतःची कबुली. खाली सही केली, लाखेचा मोठा शिक्का मारला, आणि उठून एनॉकशी हस्तांदोलन केलं. चांगला माणूस होता तो. चांगल्या माणसाने केलेल्या अन्यायावर तक्रारसुद्धा करता येत नाही.

एनॉक परत आला तेव्हा दुपार होती. बोचकी बांधून झाली होती. टॅबिथाने बाहेर जायची टोपी घातली होती आणि कात्री, इस्त्री, मेणाचा गोळा फडक्यात गुंडाळून ठेवला होता. एनॉक टेबलावर चढून मांडी घालून बसला. इतकी वर्षं तो तसाच बसत आला होता, दुसरीकडे कुठे बसावं हे त्याला सुचलं नाही. कागद त्याच्या हातातच होता. टॅबिथाने आधी शिक्का पाहिला. तिला अक्षर येत नव्हतं, पण एवढा मोठा शिक्का तिने कधी पाहिला नव्हता.

“वाच ना.”

“तेवीस वर्षं चाकरी,” एनॉकने वाचलं. “दारूच्या आहारी नाही. कधी पळून गेला नाही.”

“पुढे?”

“शिंपीकामात.”

“शिंपीकामात काय?”

एनॉकने तिच्याकडे पाहिलं. तिने टोपीची नाडी हनुवटीखाली घट्ट बांधली होती, आणि चेहरा असा झाला होता की त्याला तिचं लग्नातलं वय आठवलं. चार महिने ती विहिरीवर अवेळी गेली होती.

“निष्णात,” तो म्हणाला. “शिंपीकामात निष्णात, असं लिहिलंय.”

त्याच्या मनात इतकंच होतं की लडलोपर्यंतची वाट तरी तिला सुखाने चालू द्यावी. सहा-सात दिवसांची वाट होती. तेवढ्यात काहीतरी सुचलं असतं, कागद ओढ्यात पडला असता, हरवला असता.  टॅबिथाने डोळे पुसले, हात ॲप्रनला पुसले आणि त्याच्या बोटांतून कागद अलगद काढून घेतला.

“कुठे नेतेस?”

“सांगितलं होतं ना तुला,” ती म्हणाली, आणि दारातून बाहेर पडली.

एनॉकने हाक मारली. टेबलावरून उतरायला गेला तर पायांना मुंग्या आलेल्या, मांडी सुटेना. खाली दुपारची गर्दी होती. स्वार जेवायला आलेले, पेल्यांचा आणि बाकांचा आवाज. जिन्याच्या पायऱ्या वाजल्या, एकेक करून, न थांबता. तो भिंतीला धरून कसाबसा जिन्याच्या तोंडाशी पोचला, तोवर खालचा गोंगाट कमी झाला होता. डिक ऑल्सपचा आवाज आला, काय वहिनी, निघालात का. टॅबिथाची पावलं त्याच्यापुढून तशीच पुढे गेली.

“पर्किसबाई,” ती म्हणाली, “तुम्हाला वाचता येतं ना? मग हे वाचा. आणि जरा मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”